क्युबेकमधलं घराणं शोधताय? आडनाव बाजूला ठेवा, जोडपं शोधा

तुमचा प्रश्न असा की जावयाचे पणजोबा क्युबेकहून, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातून, अमेरिकेतल्या लॉवेल शहरातल्या कापडगिरणीत आले, आडनाव ग्रीनवुड, पण क्युबेकच्या नोंदींत ग्रीनवुड काही सापडत नाही, मग घरात सांगतात ते खोटं का. अहो, खोटं नसणार. ब्वाव्हेर हे आडनाव बघा, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हिरवं रान. १८४० ते १९३० मध्ये साधारण ९ लाख माणसं तिकडून अमेरिकेत गेली आणि कित्येकांच्या आडनावांचं सरळ भाषांतर झालं, रुआचं किंग, लब्लांचं व्हाइट, तसंच ब्वाव्हेरचं ग्रीनवुड.

पण तिथे थांबू नका, कारण ब्वाव्हेरसुद्धा मूळ आडनाव नसू शकतं. तिकडे 'दि' म्हणून प्रकार आहे, म्हणजे आपलं उर्फ. १६६५ मध्ये फ्रान्सहून कारिन्यां-सालिएर या फौजी रेजिमेंटचे १२०० च्या आसपास सैनिक आले, त्यातले ४०० तरी तिथेच राहिले, आणि सैन्यात प्रत्येकाला एक टोपणनाव असायचं, लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे बिनघोर. पुढे तेच घराण्याला चिकटलं. सैनिक नसलेल्या घरांतही उर्फ असायचं, आणि एका भावाची मुलं मूळ नाव लावतात, दुसऱ्याची उर्फ लावतात. दनव्हेर दि ब्वाव्हेर असं घराणं आहेच, त्यामुळे दनव्हेर नावाखालीही शोधा.

माझी सून मॉन्ट्रियलची. नातू झाला तेव्हा मी हौसेने तिचं घराणं शोधायला बसले आणि दोन महिने एकाच आडनावावर अडकले, कारण १७०० नंतरच्या एका लग्नात बापाचं एक आडनाव नि मुलाचं दुसरंच. सुटलं ते बाईमुळे. तिकडे बाई लग्नानंतरही कागदावर माहेरच्याच नावाने राहते, बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळीकडे. नवऱ्याची नावं दहा बदलोत, ती तीच. माझ्या स्वतःच्या आजीचं लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, माहेरी तिला काय म्हणायचे ते आज घरात कोणालाच सांगता येत नाही, आणि इथे तीनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या बायकोचं माहेरचं नाव स्वच्छ लिहिलेलं, मला खरंच भरून आलं होतं.

लग्नाची नोंद सगळ्यात कामाची, त्यात मुलाच्या आणि मुलीच्या दोघांच्या आईबापांची नावं असतात, आईचं माहेरचं धरून, म्हणजे एक नोंद मिळाली की अख्खी एक पिढी मागे जाता येतं. फक्त विधुर किंवा विधवेचं दुसरं लग्न असेल तर बऱ्याचदा आईबापांऐवजी मेलेल्या जोडीदाराचं नाव घालतात, मग पहिलं लग्न शोधा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत शेवटी गॉडफादर-गॉडमदर येतात आणि बहुतेक वेळा पुढे ओळ असते की त्यांनी सही येत नसल्याचं सांगितलं. मुलगा असला की जोसेफ, मुलगी असली की मारी, हे बऱ्याच जणांना लावलेलं असतं, हाक मारायचं नाव सहसा त्याच्यानंतर येतं, त्यामुळे नुसतं जोसेफ टाकून सर्च करू नका, हजारो निघतील.

चर्चच्या वह्या १६२१ पासूनच्या आहेत, दोन प्रती काढायचे, एक चर्चमध्ये नि एक कोर्टात, म्हणून चर्च जळलं तरी बऱ्याच ठिकाणी दुसरी प्रत वाचली. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर त्यांचे फोटो फुकट बघता येतात, द्रुआं या अशाच नोंदींच्या संग्रहाला पैसे पडतात पण शोधणं सोपं जातं.

अमेरिकेत गेल्यावर बायका नवऱ्याचं आडनाव लावायला लागल्या, त्यामुळे आधी लॉवेलच्या फ्रेंच चर्चमध्ये पणजोबांच्या मुलांचे बाप्तिस्मे बघा, तिथे आईचं माहेरचं नाव मिळायला हवं. मिळालं की इथे लिहा, दोघांची नावं जोडीने टाकून लग्न मी शोधून बघते.