ऑपरेशन टाळायचंय, पण पुडी खाऊन नव्हे: सांधेदुखी, कंबरदुखीचे तुमचे प्रश्न

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत तीन वाक्यं सारखी दिसली: "वंगण संपलंय", "मणक्यात गॅप आलाय", "नस दबलीय". कुणीतरी एक्स-रे उजेडाकडे धरून हे बोललेलं असतं आणि घरचे तेव्हापासून धास्तावलेले असतात. गोंधळ एकच असल्यामुळे उत्तरं एकत्र देते. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला आम्ही जुनं दुखणं म्हणतो, आणि इथले बहुतेक प्रश्न त्याचेच आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत. माझं उत्तर वाचून स्वतःचं निदान मात्र करू नका.

वय ५८, खानापूर तालुक्यात भातशेती. यंदा रोप लावणीनंतर दोन्ही गुडघे धरलेत. एक्स-रे बघून "वंगण संपलं, गुडघे बदला" म्हणाले. ऑपरेशन टळेल काय?

बऱ्याच जणांचं टळतं, काहींचं काही वर्षं लांबतं, थोड्यांना करावंच लागतं. तुम्ही यांतल्या कोण, हे गुडघा हाताने तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. एक्स-रे एकटा ते सांगत नाही. भरपूर झीज दिसूनही शेतावर चालत जाणाऱ्या बायका मी बघते, आणि जेमतेम झीज असूनही जिना न चढू शकणाऱ्याही बघते.

गुडघ्यात तेल भरलेलं नसतं, की ते संपावं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तो पातळ होतो. कुठल्याही गोळीने तो पुन्हा जाड होत नाही. मात्र मांडीचा पुढचा स्नायू वाढवता येतो, आणि तो बळकट झाला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबून पाच मोजा आणि सोडा. एकेका पायाला दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमायला लागलं की खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरायचा. हे दोन-तीन महिने नेमाने केलं तरच गुण दिसतो. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडणारेच जास्त भेटतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

वजन जास्त असेल तर ते उतरवा. अंगावरचा एक किलो उतरला तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. काठी घ्यायला लाजू नका, पण ती जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. संडासला उकिडवं बसणं बंद करा, प्लास्टिकची कमोड खुर्ची आणा. लावणीच्या दिवसांत दर अर्ध्या तासाने बांधावर येऊन पाय मोकळे करा, सलग वाकून राहू नका.

एवढं करूनही रात्री झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, पाय वाकडा होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि ऑपरेशनला घाबरू नका. तोवर घाईने तारीख घेऊ नका. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

वातामुळे सांधे दुखतात म्हणे. दही, भात, बटाटा बंद करू?

नको. गाउट, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार, असेल तर पथ्य वेगळं असतं, ते युरिक ॲसिड तपासून डॉक्टर सांगतील.

वय ३४, उद्यमबागेत लेथवर कामाला. कंबर धरली म्हणून एमआरआय केला, एल-फोर एल-फाइव्हला बल्ज आहे. शेजारचे म्हणतात गादी सरकली, महिनाभर फळीवर झोप आणि पट्टा सोडू नको.

शेजाऱ्यांचं ऐकून महिनाभर झोपलात तर कंबर आणखी दुबळी होईल. फार दुखतंय तेव्हा एखाद-दोन दिवस पडून राहा, पुढे हिंडाफिरायला लागा. पट्टा काही दिवस जड कामापुरता ठीक. चोवीस तास बांधला तर कंबरेचे स्नायू आळशी होतात.

आता त्या "बल्ज"बद्दल. दोन मणक्यांमधली चकती, जिला शेजारी गादी म्हणतात, ती जरा बाहेर फुगली की तिला बल्ज म्हणतात. एल-फोर आणि एल-फाइव्ह ही कंबरेच्या खालच्या मणक्यांची नावं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली पाहिलं गेलं. विशीतल्या सुमारे ३० टक्के, तिशीतल्या ४० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत बल्ज होता, आणि कुणाचीही कंबर दुखत नव्हती. केस पिकतात तशी मणक्याची चकतीही वयाबरोबर बदलते. तेव्हा रिपोर्टातली ओळ म्हणजे तुमचं दुखणं असं समजू नका. तुमच्या वयात, पायात कळ किंवा बधिरपणा नसताना, नव्याने आलेली कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत उतरते.

लेथसमोर उभं राहताना एक पाय आलटून पालटून चार-पाच इंची ठोकळ्यावर ठेवा. जॉब उचलताना तो पोटाशी धरा, आणि उचलता उचलता कंबरेतून पिळू नका. फिजिओथेरपिस्टकडून पाठीचे आणि पोटाचे व्यायाम एकदा समोर उभं राहून शिका. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून नको, कारण पुढे वाकण्याचे काही व्यायाम काहींना बाधतात.

एक मात्र पाठ करून ठेवा. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होत चालली, कंबरदुखीबरोबर ताप आहे किंवा वजन कारण नसताना उतरतंय, तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.

निपाणीहून लिहितेय. सासूबाई ६३ वर्षांच्या, आयुष्यभर बिड्या वळल्या. मान, मनगट, गुडघे सगळंच दुखायचं. वर्षभर बाजारातल्या एका माणसाकडची पुडी घेतात. पहिल्या दिवसापासून गुण आला, पण आता तोंड सुजल्यासारखं गोल झालंय आणि शुगर निघाली. पुडी जडीबुटीची आहे, चालेल काय?

ताई, या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे. दर महिन्याला असं कुणीतरी समोर येतं, आणि बहुतेक वेळा उशिरा येतं.

आधी सगळ्यांत महत्त्वाचं: पुडी उद्यापासून एकदम बंद करू नका. उद्याच सासूबाईंना आणि पुडीला घेऊन फिजिशियनकडे जा. कारण सांगते.

जडीबुटी पहिल्या दिवशी वर्षानुवर्षांचं दुखणं थांबवत नाही. तसं थांबवतं ते स्टेरॉइड. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या स्वस्त गोळ्या कुटून चूर्णात मिसळणं हा जुना धंदा आहे. गोल झालेलं तोंड, नव्याने वाढलेली साखर, हातपाय बारीक आणि पोट मोठं, जरा लागलं की काळंनिळं होणारी कातडी, ही त्याची खूण. आत हाडं ठिसूळ होत असतात, ती दिसत नाहीत. एक दिवस घागर उचलताना मणका दबतो तेव्हा कळतं.

बाहेरून इतकं स्टेरॉइड येत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवायचं थांबवतात. अशा वेळी पुडी अचानक तोडली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस बेशुद्ध होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर मोजलेली गोळी देऊन ती हळूहळू उतरवतात. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. रागाच्या भरात पुडी गटारात टाकू नका.

माझ्याकडे एकतीस वर्षांचा एक ड्रायव्हर आला होता. कंबरदुखीसाठी दीड वर्ष अशीच पुडी. दोन्ही खुब्यांच्या हाडांचा रक्तपुरवठा तुटून त्यांचे गोळे बसले होते. ऑपरेशन नको म्हणून त्याने पुडी धरली होती, आणि पुडीनेच त्याला दोन्ही खुब्यांच्या ऑपरेशनपर्यंत आणलं. त्याची धाकटी मुलगी तेव्हा कडेवर होती, तिला उचलून घेता येत नाही म्हणून तो माझ्यासमोर रडला. मी तो दिवस विसरलेले नाही.

माझं आयुर्वेदाशी भांडण नाही. शिकलेले वैद्य कागदावर औषधाचं नाव लिहून देतात, मात्रा सांगतात, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारतात. कागदाच्या पुडीवर नाव नाही, दुकानाला पाटी नाही, "काय घातलंय ते गुपित आहे" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून या. हेच त्या गल्लीतल्या इंजेक्शनलाही लागू. कंबरेत एक टोचलं आणि संध्याकाळी माणूस उड्या मारू लागला, तर टोचलेल्या औषधाचं नाव लिहून मागा. देत नसतील तर कारण ओळखा.

ज्यांच्या गोळीवर नाव असतं त्यांनाही सांगते. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणून रोज दोन गोळ्या, वर्ष-दोन वर्षं, असे लोक इथे घरोघरी आहेत. ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको. हेच औषध दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन आपल्या देशातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं शरीर गिधाडासारखं नाजूक नाही, पण मूत्रपिंडाला ही गोळी जड आहे हे खरंच. बीपीच्या गोळ्या चालू असतील, शुगर असेल, उन्हात ऊस तोडताना पाणी कमी पडत असेल, तर धोका कितीतरी वाढतो. शिवाय पोटात जखम होते. संडास डांबरासारखा काळा झाला तर तो रक्तस्राव समजून लगेच जा. ज्यांना हृदयविकार झालाय त्यांनी तर या गोळ्यांना विचारल्याशिवाय हातही लावू नये.

मग दुखलं तर काय घ्यायचं? गुडघ्यासारख्या वरवरच्या सांध्याला वेदनाशामक जेल चोळणं पोटातल्या गोळीपेक्षा बरंच सुरक्षित. पॅरासिटामॉल किती आणि किती दिवस, ते तुमचं यकृत आणि दारूची सवय बघून डॉक्टर ठरवतील. सासूबाईंच्या मानेचं आणि मनगटाचं मूळ मात्र बिडीच्या सुपात आहे. सूप मांडीवर न ठेवता पाटावर उंच घ्यावं, भिंतीला पाठ टेकावी, तासाला एकदा उठून हात झटकावेत. मजुरी बिड्यांच्या मोजणीवर असते, उठलं की पैसे कमी होतात, हे मला कळतं. तरी पाच मिनिटं द्या.

चिकुनगुनिया होऊन चार महिने झाले. सकाळी बोटं तास-दीड तास वळत नाहीत. "राहतं वर्षभर" म्हणतात सगळे.

काहींचं राहतं, खरं आहे. पण दोन्ही हातांची लहान पेरं सुजतायत आणि सकाळचा ताठरपणा तासावर जातोय, तर हा आमवातही असू शकतो, ज्याला आम्ही रूमॅटॉइड म्हणतो. चार महिने थांबलात तेच जास्त झालं. गुडघ्याच्या झिजेत वेळ असतो, इथे नसतो. पहिल्या काही महिन्यांत नेमकं औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या करून संधिवाततज्ज्ञांना किंवा फिजिशियनना दाखवा. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध लिहून दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.

शेक गरम पाण्याचा की बर्फाचा?

ताजा मार आणि सूज असेल तर बर्फ, जुना ताठरपणा असेल तर गरम. शुगरमुळे पाय बधिर असतील तर दोन्ही नको, भाजलेलं कळत नाही.

वय ५२, शिक्षिका, शहापूर. खांदा आखडलाय, फळ्यावर वरपर्यंत लिहिता येत नाही. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणतात. तुम्ही तर स्टेरॉइडच्या विरोधात लिहिता.

बाई, मी नाव न सांगता दिलेल्या स्टेरॉइडच्या विरोधात लिहिते. जाणत्या डॉक्टरांनी सांगून, मोजून, एका सांध्यात दिलेलं इंजेक्शन वेगळं. दुखणं ऐन भरात असताना त्याने उतार पडतो आणि व्यायाम करता येतो. त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून तुम्हाला मधुमेह असेल तर आधी सांगा. नसेल माहीत, तर आधी तपासा. आखडलेला खांदा मधुमेहींत फार दिसतो, आणि कित्येकांची शुगर माझ्याकडे खांद्यामुळेच सापडलीय. हे दुखणं एक ते तीन वर्षांत बहुतेकांचं निवळतं. तोवर भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं आणि वाकून हात लंबकासारखा झुलवणं, दोन्ही रोज. कुणाकडून झटका देऊन खांदा "मोकळा" करून घेऊ नका.

मोफत तपासणी शिबिरात मशीनवर पाय ठेवायला लावला, हाडं कमजोर आहेत म्हणाले, चुंबकाची गादी चाळीस हजारांना हप्त्यावर देतायत. घेऊ?

नको. चुंबकाने गुडघा, कंबर, मणका काहीही बरं होत नाही. टाचेवरच्या यंत्राने निदान होत नाही, फार तर पुढची तपासणी हवी का याचा अंदाज येतो. हाडांची शंका असेल तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, डॉक्टरांच्या चिठ्ठीने करा. सही केली असेल तर मुलाला सोबत नेऊन लेखी रद्द करा. त्या पैशात वर्षभर फिजिओथेरपी होईल.

चिकोडीजवळ ऊसशेती, वय ४६. दोन महिने कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ होती, आता कळ कमी झाली, पण चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते, चवडा वर येत नाही. मालिशवाला म्हणतो कळ गेली म्हणजे नस सुटली. व्यायाम सांगा.

अण्णा, व्यायाम नाही सांगत. तुमची नस सुटलेली नाही. ती थकत चाललीय, म्हणून कळ कमी आणि ताकदही कमी. हे ऑपरेशनशिवायच्या सदरात बसणारं दुखणं नसू शकतं, आणि जितका उशीर तितकी चवडा परत उचलला जायची शक्यता कमी. तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी दिलेल्या नंबरवर फोन केला, घरच्यांनी "गाळप संपलं की जातो" असं सांगितलं. कारखाना थांबेल, नस थांबणार नाही. उद्या सकाळी मणक्याच्या किंवा मेंदूच्या सर्जनकडे जा, मालिश आजच बंद करा. एमआरआय झाला असेल तर नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडीही घ्या. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका, ब्रेकवर तोच पाय असतो.