न पाहिलेल्या माणसाचा दुखवटा

वाचकांचे प्रश्न या सदरात या वेळी एकाच विषयावरची तीन पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्या जमवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या मंडळींचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गोवा, सिंधुदुर्ग, पुणे, मुंबई आणि आखाती देशांतील सभासद त्यात असून बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेले नाही. आमच्यातील सर्वांत जाणकार काका गेल्याचे आम्हांला वर्तमानपत्रातील ‘दुःखद निधन’ या जाहिरातीवरून कळले, तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते. दिवसभर ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले हात येत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाने नेहमीप्रमाणे ‘सुप्रभात’ टाकले आणि त्यावरून वाद झाला. मला आठवडाभर अन्न गोड लागले नाही. घरचे म्हणतात, ज्यांना कधी भेटला नाहीस त्यांच्यासाठी एवढे काय? काकांचे घर माझ्या गावापासून फार दूर नाही. समाचाराला जावे का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : अवश्य जावे, मात्र आधी फोन करून जावे, आणि शक्य असल्यास तेरावा उलटल्यावर जावे. पहिल्या दिवसांत घर नातेवाइकांनी भरलेले असते, विधींची धावपळ असते आणि अनोळखी माणूस कोण, हे विचारण्याइतकीही उसंत घरच्यांना नसते. पाहुणे परतल्यानंतर येणाऱ्याचे बोलणे शांतपणे ऐकले जाते. एकट्याने किंवा दोघांनी जावे, ग्रुपसाठी छायाचित्रे काढू नयेत आणि काकांच्या तबकड्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न तर मनातसुद्धा ठेवून जाऊ नये.

घरच्यांच्या प्रश्नात गैर काही नाही, पण त्यामागचे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. शोक दर्शनावर अवलंबून नसतो, सहवासावर असतो. आणि वर्षानुवर्षे रोज सकाळी एखाद्याचा आवाज ऐकणे, त्याच्याशी एखाद्या तानेवरून वाद घालणे, आपली चूक त्याने हसत दुरुस्त करणे हा सहवासच आहे. अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली मांडलेल्या विचारानुसार, ज्या नात्याला समाज नाते मानत नाही, त्या नात्यातील दुःखालाही तो जागा देत नाही. असे दुःख भोगणाऱ्याला सुटी नसते, विधी नसतो आणि सांत्वनाला कोणी येत नाही. आपली अडचण नेमकी तीच आहे. आपल्याला सुतक नाही म्हणून दुःखही नाही, असे समजण्याचे कारण नाही.

या संदर्भात नॉर्वेमधील मॅट्स स्टीन या तरुणाची हकीकत सांगण्याजोगी आहे. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराने तो २०१४ साली पंचविसाव्या वर्षी गेला. त्याचे बरेचसे आयुष्य संगणकावरील एका सामूहिक खेळात गेले होते आणि मुलगा एकाकी जगला, अशी आईवडिलांची समजूत होती. त्यांनी निधनाची बातमी इंटरनेटवर कळवताच त्या खेळातील सोबत्यांची पत्रे येऊ लागली : आमच्या घरातील भांडण त्याने मिटवले, माझ्या पडत्या काळात तो रोज बोलत असे, अशी. काही सोबती परदेशांतून अंत्यविधीला आले. मुलाच्या आयुष्याचा केवढा भाग आपल्याला ठाऊकच नव्हता, हे त्या आईवडिलांना त्यानंतर कळले.

आपल्या काकांच्या घरीही असेच काही असू शकेल. घरच्यांनी त्यांना रात्री उशिरापर्यंत कानाला फोन लावून बसलेले पाहिले असेल. पलीकडे कोण होते आणि ते काय ऐकत होते, हे तुम्हांलाच सांगता येईल. तेव्हा समाचाराला रिकाम्या हाताने जाऊ नये. प्रत्येक सभासदाकडून काकांविषयीची एकेक आठवण लिहून घ्यावी आणि ती घडलेल्या गोष्टीची असावी : तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीतील कोणता आवाज त्यांनी कसा ओळखला, कोणत्या गायिकेविषयी ते हळवे होत, कोणाचे म्हणणे त्यांनी कशावरून खोडून काढले. ‘ते फार मोठ्या मनाचे होते’ हे वाक्य कोणाही गेलेल्या माणसाविषयी लिहिता येते, म्हणून ते घरच्यांच्या काही उपयोगाचे नाही. छापलेली दहा-बारा पाने पुरेत.

‘भावपूर्ण श्रद्धांजली’ला नावे ठेवण्याची हल्ली पद्धत पडली आहे, मला ती मान्य नाही. स्मशानात अनेक जण काही न बोलता नुसते उभे राहतात, त्यांना आपण कोरडे म्हणत नाही. ग्रुपवरचे ते ठरावीक शब्द म्हणजे तसे नुसते उभे राहणेच आहे. ‘सुप्रभात’ टाकणाऱ्या गृहस्थांनाही सोडून द्यावे. बहुधा त्यांनी वरचे काही वाचलेच नसेल, आणि सकाळी उठल्याबरोबर संदेश ढकलणे हा काहींचा नित्यनेम असतो.

प्रश्न : मी एका निसर्गभ्रमण ग्रुपचा ॲडमिन आहे. दोन महिन्यांपूर्वी वारलेल्या सभासदाचा क्रमांक ग्रुपमधून काढावा का, यावर आमच्यात एकमत होत नाही. एक भगिनी त्या क्रमांकावर आजही ध्वनिसंदेश पाठवतात. शिवाय एकाने कुटुंबासाठी वर्गणीचे आवाहन करून स्वतःचा यूपीआय क्रमांक दिला आहे. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : क्रमांक आपण काढू नये, पण तो आपोआप जाईल याची कल्पना सर्वांना द्यावी. व्हॉट्सॲपचे खाते साधारण १२० दिवस वापरात नसले तर रद्द होते आणि तो सभासद ‘बाहेर पडला’ अशी नोंद ग्रुपवर दिसते. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद असताना डिसेंबरमध्ये तेथील असंख्य लोक असेच ग्रुपमधून एकाएकी नाहीसे झाले होते आणि बाहेरगावच्या नातेवाइकांच्या काळजाचा ठोका चुकला होता. ती नोंद एखाद्या सकाळी अचानक समोर येण्यापेक्षा आधी माहीत असलेली बरी.

त्या भगिनींना मात्र आपण खासगीत, हळुवारपणे एक गोष्ट सांगावी. बंद केलेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, असे दूरसंचार नियामकाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट केले आहे. त्यांचे मनीचे बोल उद्या कोणा अनोळखी माणसाच्या हाती पडू शकतील, किंवा आजच तो फोन वापरत असलेल्या घरच्या व्यक्तीला ऐकावे लागत असतील. बोलणे थांबवा असे सांगू नये. तेच बोलणे स्वतःच्या फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवता येते, एवढे सुचवावे.

वर्गणीबाबत कठोर व्हावे. कुटुंबाशी प्रत्यक्ष बोलणे होऊन त्यांनी होकार दिल्याशिवाय, आणि पैसे थेट त्यांच्याच खात्यात जाणार असल्याशिवाय, आवाहन ग्रुपवर राहू देऊ नये. ज्या माणसाला कोणी पाहिलेले नाही, त्याच्या निधनाची बातमीही पडताळावीच लागते. २००१ साली अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत असल्याचे सांगितल्या गेलेल्या आणि मग ‘वारलेल्या’ एका मुलीसाठी इंटरनेटवरील असंख्य लोक रडले; ती मुलगी कधी अस्तित्वातच नव्हती, हे त्यांच्यातल्याच काहींनी नंतर शोधून काढले.

प्रश्न : बाबांच्या निधनानंतर त्यांच्या फेसबुक पानावर अनोळखी लोक त्यांना ‘दादा’, ‘गुरुजी’ म्हणत लिहीत आहेत. आईला बरे वाटते, मला मात्र संकोच होतो. एकाने तर त्यांचा पक्ष्यांच्या छायाचित्रांचा संग्रह ‘आपल्या ग्रुपकडे’ सोपवण्याची मागणी केली आहे. — एक वाचक, साखळी

उत्तर : आईंना बरे वाटते, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे. पान लगेच बंद करू नये. पंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून मिळालेला मृत्यूचा दाखला जोडून फेसबुककडे अर्ज केल्यास ते खाते स्मरणार्थ म्हणून राखले जाते : मजकूर आणि छायाचित्रे राहतात, त्यात कोणाला प्रवेश करता येत नाही आणि दरवर्षी सर्वांना वाढदिवसाची आठवण करून देणारी सूचना थांबते. बाबांनी हयातीत कोणाला वारसदार म्हणून नेमले असेल, तर त्या व्यक्तीला पानाची देखभाल करता येते, पण त्यांचे खासगी संदेश तिलाही वाचता येत नाहीत.

संकोच वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपले बाबा एकदम अनेकांचे झाल्यासारखे होतात. प्रत्येकाला उत्तर देण्याची गरज नाही. लिहिणाऱ्यांपैकी ज्यांनी प्रत्यक्ष प्रसंग सांगितले आहेत, तेवढे मजकूर उतरवून ठेवावेत. वर्षश्राद्धाला आईंना ते वाचून दाखवता येतील. छायाचित्रांचा संग्रह ही कुटुंबाची मालमत्ता आहे आणि बाबा त्या ग्रुपमध्ये होते एवढ्यावरून ग्रुपचा त्यावर हक्क उत्पन्न होत नाही. मागणी करणाऱ्याला ‘ठरल्यावर कळवू’ एवढे एका ओळीचे उत्तर पुरे. त्यांनी पुन्हा विचारल्यास तेही देण्याचे बंधन आपल्यावर नाही.