एकाच नावाची माणसे आणि शहरे इतकी का असतात, आणि त्यांतले नेमके कोणते हे ओळखायचे कसे?

मी ग्रंथालयात सूचीकरणाचे काम करतो, त्यामुळे आपला प्रश्न माझ्या टेबलावर जवळजवळ रोजच येतो. नावे सारखी होतात याचे मुख्य कारण मला असे वाटते की नाव ठेवणारा माणूस ते साऱ्या जगाचा विचार करून ठेवत नाही. आपल्या आसपासच्या लोकांत ओळख पटली की त्याचे काम भागते. घोळ होतो तो पुढे, ती नावे आपापल्या मुलखाबाहेर पडून एकमेकांना भेटतात तेव्हा.

कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन शहराच्या नावाचा फिनिशियन भाषेतला अर्थ ‘नवे शहर’ एवढाच आहे. कार्थेजच्या लोकांनी पुढे स्पेनच्या किनाऱ्यावर शहर वसवले आणि त्यालाही तेच नाव दिले. दोन्हींत फरक करता यावा म्हणून रोमन लोक या दुसऱ्या शहराला ‘नवे कार्थेज’ म्हणू लागले, म्हणजे अर्थाने पाहिले तर ‘नवे नवे शहर’! तेच आजचे कार्ताहेना, आणि १५३३ साली स्पॅनिश लोकांनी सध्याच्या कोलंबियात वसवलेल्या बंदरालाही हेच नाव मिळाले.

सिडनीची गोष्ट त्याहून सरळ आहे. ब्रिटनचे तेव्हाचे गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांचे नाव १७८५ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशियाकडच्या एका वसाहतीला आणि १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीला देण्यात आले. ऑस्ट्रेलियाला निघालेले काही प्रवासी केवळ नाव पाहून तिकीट काढल्यामुळे कॅनडातल्या सिडनीला उतरल्याचे प्रसंग घडले आहेत. विमानतळाच्या सांकेतिक अक्षरांवर एक नजर टाकली असती तर ती चूक टळली असती, कारण एकाची अक्षरे एसवायडी आहेत आणि दुसऱ्याची वायक्यूवाय.

ओळख पटवण्यासाठी नावाला काहीतरी जोड द्यावी लागते. जर्मनीतली दोन फ्रँकफुर्ट शहरे माइन आणि ओडर या नद्यांच्या नावांनी वेगळी ओळखली जातात. दक्षिण कोरियात सुमारे एक पंचमांश लोकांचे आडनाव किम आहे, आणि तिथे घराण्याचे मूळ गाव सांगून ‘गिम्हे किम’ किंवा ‘ग्योंगजू किम’ असा भेद करतात. माणसाच्या ओळखीला गाव आणि गावाच्या ओळखीला नदी अशी ही जोड मला फार समर्पक वाटते.

माझ्या कामातले सर्वांत बोलके उदाहरण विन्स्टन चर्चिल यांचे आहे. १८९९ साली या नावाचे दोन लेखक होते. अमेरिकेतले चर्चिल कादंबरीकार होते आणि त्या वेळी त्यांचेच नाव अधिक गाजत होते. इंग्लंडमधले चर्चिल चोवीस वर्षांचे होते आणि त्यांची लेखक म्हणून नुकतीच सुरुवात झाली होती. इंग्लंडच्या चर्चिल यांनी पत्र लिहून आपण यापुढे पुस्तकांवर मधले ‘स्पेन्सर’ हे नाव घालू असे कळवले. अमेरिकेतल्या चर्चिल यांनी आभार मानले आणि उत्तरात लिहिले की मला मधले नाव असते तर मीही ते लावले असते. हे सौजन्य मला मनापासून आवडते. आजच्या सूचीत मात्र हा भेद मधल्या नावावर सोपवलेला नाही. एक नोंद ‘चर्चिल, विन्स्टन, १८७१–१९४७’ अशी असते आणि दुसरी ‘चर्चिल, विन्स्टन, १८७४–१९६५’ अशी.

आपल्याला एखादी व्यक्ती शोधायची असेल तर नावासोबत जन्मवर्ष मिळवावे; ते न मिळाल्यास व्यवसाय आणि कार्यकाळ पाहावा. गावाच्या बाबतीत जिल्हा, प्रांत किंवा जवळची नदी पाहावी. दोन स्वतंत्र खुणा जुळेपर्यंत मी कोणतीही नोंद पक्की करत नाही, कारण दोन लेखकांची पुस्तके एकदा एकाच नावाखाली गेली की ती पुन्हा वेगळी करायला फार वेळ लागतो.