तेरहून समुद्राकडं

धाराशिव

प्रिय लेकरा,

भाऊबीज झाली की चौघं मिळून गाडी काढून कोकणात जाणार, हे कळलं. अलिबाग-मुरूडकडं काय बघावं, एवढंच तू विचारलंस. ते सांगतेच, पण आधी माझं एक ऐक. पुण्याच्या रस्त्यानं सरळ सुटू नका. सुरुवात तेरपासून करा.

समुद्राचं विचारलं तर बाई तेरणेकाठचं सांगतात, असं वाटेल तुला. पण पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये या किनाऱ्याची बंदरं ओळीनं येतात, आणि त्यांच्यासोबत आतल्या मुलखातल्या दोन पेठाही येतात, पैठण आणि तगर. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून बंदराकडं जायची. तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं १९०१ साली मांडलं. गोरोबाकाकांचं गाव म्हणून तू तिथं दहा वेळा गेला असशील. या वेळी लामतुरे संग्रहालयात तासभर थांब. रोमन धाटणीच्या वस्तू आपल्याच पांढरीच्या मातीतून निघालेल्या आहेत. मग विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ मागच्या बाजूनं बघ. त्याची पाठ अर्धगोल आहे, कारण मूळचं ते बौद्ध चैत्यगृह. बंदरात काय उतरायचं हे सगळे सांगतात. तिथं चढायचं काय, हे तेरला कळतं.

येडशी, बीड, गेवराई करत पैठण गाठा. बैलगाडीचे दहा दिवस तुम्ही चार-साडेचार तासांत काटाल. पैठणला नाथांचं दर्शन घ्या, गोदाकाठी बसा आणि मुक्कामाला जुन्नर धरा.

दुसरा दिवस मात्र पुरता नाणेघाटाला द्या. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी घाटाच्या माथ्यापर्यंत जाते. तिथला दगडी रांजण जकातीचा, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सगळे त्याच्याशी फोटो काढतात आणि परततात. तू खिंडीतून थोडं खाली उतर आणि लेण्यात जा. भिंतीवर पैठणहून राज्य करणाऱ्या सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. कुठला यज्ञ केला, किती गायी, किती घोडे, किती कार्षापण म्हणजे नाणी दिली, त्याचा हिशोब. ही संपत्ती कुठल्या वाटेनं आली असेल, ते पायाखालचे झिजलेले दगड बघून आपोआप कळतं. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही होते तिथं. ते गेले, वर कोरलेली नावं तेवढी राहिली. मी तिथं उभी राहिले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आपल्या पैठणच्या माणसांची नावं होती ती.

खाली दिसतो तो कल्याणचा रस्ता. एक गोष्ट ध्यानात ठेव. पेरिप्लसच्या काळात कल्याण बंदराची कोंडी झाली होती, तिथं आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जायची. म्हणून त्या पुस्तकात तेरचा मालसुद्धा भडोचला जातो. बंदर कोणाच्या हातात, त्यावर आपल्या गाड्यांची वाट ठरत होती.

गाडीनं माळशेज घाट उतरून कल्याण, पेण करत अलिबाग. आता भरतीचं सांगते. आपण दुष्काळी मुलखातली माणसं, पाण्याला वेळ असते हे आपल्याला ठाऊक नसतं. मी तिसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि कोणाला न विचारता चालत अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात गेले. परतायला निघाले तर वाट बुडालेली. ओहोटी लागेपर्यंत तटावर बसून होते, सोबत लहान लेकरू होतं. तो घोर मी विसरले नाही. किनाऱ्यावरचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. षष्ठी असेल तर साडेचार, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी साडेदहाच्या सुमारास. पण अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी पुरतं हटत नाही. म्हणून हिशोब करूनही तिथल्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

अलिबागहून चौल-रेवदंड्याला गर्दी नसते, आणि मला सगळ्यात जीव लागला तो तिथंच. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढला आणि पुढं बीदरला गेला. बीदर म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडंच. तुम्ही उतरून आलात त्याच डोंगरांतून तो वर चढला होता. रेवदंड्याच्या शाळेत त्याचं स्मारक आहे. पोर्तुगीज तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, लोक राहतात. वाडीत शिरताना हाक मारून विचार.

खाडीपलीकडं कोर्लई. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण त्यांच्या भाषेतून उपजलेली बोली कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत आजही घरात बोलतात. तिला ते ‘नोलिंग’ म्हणतात, आपली बोली. तू दखनी ऐकत वाढलास, दोन भाषा एका अंगणात कशा नांदतात हे तुला कोणी शिकवायला नको. फक्त मोबाईल पुढं करून ‘बोलून दाखवा’ म्हणू नकोस. चहाला बसवलं तर बस, आपोआप कानावर पडेल.

मुरूडला जंजिरा तुम्ही बघणारच. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी, दोघंही हबशी, मूळचे आफ्रिकेतले. परतल्यावर खुलताबादला अंबरची कबर बघून ये. मग आगरदांड्याला गाडीसकट जंगलजेट्टीत बसा, दिघीला उतरा आणि कुड्याची लेणी गाठा. खाडीकडं तोंड करून बसलेली ती लेणी संध्याकाळी बघा.

पाच दिवस लागतील. कमी असतील तर मुरूड सोड, नाणेघाट सोडू नकोस.

निघायच्या आदल्या रात्री माझ्याकडं मुक्कामाला या सगळे. धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून ठेवते. पहाटे निघालात तर तेरला देवळात काकड्याला पोचाल.

तुझी बाई