बडोद्यात राहतो, स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स (ओपन वॉटर) झालाय. अंडरवॉटर स्कूटरने (हातात धरायचं, पाण्याखाली ओढत नेणारं पंख्याचं यंत्र) बुडालेली जहाजं बघायची आहेत, इजिप्तचं थिसलगॉर्म डोक्यात आहे. स्कूटर विकत घेऊ का?

आत्ता नका घेऊ, हे आधीच सांगतो. मी पण बडोद्याचाच, दांडिया बाजारातला, आणि आपल्याकडच्यांचा मोठा प्रॉब्लेम म्हणजे सगळ्यात जवळचा समुद्र खंबातच्या आखाताचा, तिथे भरती-ओहोटीचा जोर आणि गाळ एवढा की पाण्यात स्वतःचा हात दिसायचा नाही. म्हणजे स्कूटर घेतली तरी ती वर्षभर कपाटात राहणार नाहीतर स्विमिंग पूलमध्ये पोरं खेळणार. विमानाने न्यावी म्हटलं तर लिथियम बॅटरी १६० वॅट-अवरच्या वर असेल तर पॅसेंजर विमानात घेतच नाहीत, आणि डायव्हिंगच्या खऱ्या स्कूटरची बॅटरी त्याच्या कितीतरी वर असते. ऑनलाइन दिसतात त्या छोट्या स्वस्तातल्या बऱ्याचशा स्नॉर्केलिंगपुरत्या, घेण्याआधी डेप्थ रेटिंग (किती खोलीपर्यंत चालते ते) बघा. जिथे जाल तिथे भाड्याने मिळते, तीच घ्या.

आता स्कूटर नेमकी कशाला लागते ते. तुम्ही इजिप्तला थिसलगॉर्म बघायचं म्हणताय. हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून बुडवलं, सव्वाशे मीटरच्या वर लांब, तळ साधारण ३० मीटरवर. होल्डमध्ये (माल ठेवायच्या जागेत) ट्रक उभे आहेत आणि ट्रकच्या मागच्या हौद्यात बीएसएच्या मोटरसायकली दाटीवाटीने लावलेल्या, टायर अजून आहेत, हँडलवर गंज आणि शेवाळ, बाजूला गमबुटांचा ढीग. हे सगळं बघायला स्कूटर लागत नाही, उलट आत नेऊच नका! पंख्याच्या झोताने गाळ आणि गंज असा उठतो की मागून येणाऱ्याला दरवाजा कुठे गेला तेच कळत नाही. पण जहाजावर दोन रेल्वे इंजिनं पण होती, ती स्फोटात उडून जहाजाच्या बाजूला वाळूत पडली. तिथला पाण्याचा करंट बघून बहुतेक लोक तिकडे जातच नाहीत, आणि स्कूटर तेवढ्यासाठीच कामाची. जहाजाला बाहेरून पूर्ण फेरी मारायची, लांब पडलेलं बघायचं, करंटशी भांडायचं नाही. सायप्रसला लार्नाकाजवळ झेनोबिया आहे, १९८० मध्ये बुडालेली फेरी, १७० मीटरच्या वर लांब, शंभरावर लॉऱ्या घेऊन आडवी पडलीय, तिथे पण तेच.

मला हा नाद लागला तो शेजारच्या गुजराती मावशींमुळे. त्या हाजी कासमच्या वीजळीची गोष्ट सांगायच्या, १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून (आपली बडोद्यातली मांडवी नव्हे) मुंबईला निघालेलं जहाज वादळात गेलं, सातशेच्या वर माणसं, आणि सांगाडा आजपर्यंत मिळालेला नाही. असो.

खरी भानगड हवेची आहे, आणि लोक हाच हिशोब करत नाहीत. स्कूटरने मिनिटाला ५० मीटर धरा, पाच मिनिटांत २५० मीटर लांब गेलात, मजा आली, आणि तिथे बॅटरी गेली किंवा पंख्यात जाळ्याची दोरी अडकली. आता फिन (पायातले पंख) मारत यायचं, मिनिटाला १५ मीटर म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. ३० मीटरवर दाब चारपट, म्हणजे वर मिनिटाला २० लिटर हवा ओढणारा खाली ८० ओढतो, झाले तेराशे लिटर, ते पण घाबरला नाहीत तर. साध्या ११ लिटरच्या टाकीत २०० बारला (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सगळी मिळून २२०० लिटर. जाताना चारशे गेलीच होती, वर यायचा पन्नास बारचा साठा धरला तर पाच मिनिटांतच तुम्ही नको तेवढे लांब गेलेले असता. म्हणून आपली ॲक्टिव्हा रिझर्व्हवर आली की पंप शोधतो तसा विचार इथे चालत नाही, वळायचं ठिकाण पाण्यात उतरायच्या आधी ठरवायचं आणि ते फिन मारून परत येण्याच्या हिशोबाने, स्कूटरच्या नव्हे. जोडीदाराकडेही स्कूटर हवी, नाहीतर तो मागे राहतो आणि तुम्ही एकटे.

चालवायला अवघड नाही. दोरी दोन पायांच्या मधल्या पट्ट्याच्या डी-रिंगला अडकवायची, ओढ तिथे बसते आणि हात सैल राहतो. पंख्याचा झोत छातीवर येत असेल तर स्कूटर चुकीची धरलीय. वर येताना मात्र ट्रिगर सोडून द्यायचा, ती लटकत राहू दे, कारण तिच्या जोरावर वर आलात तर स्पीड कळतच नाही आणि फुप्फुसाचं कल्याण.

तुम्ही अजून १८ मीटरवाले आहात (ओपन वॉटरची मर्यादा तेवढीच) तर आधी ॲडव्हान्स्ड करा, मग रेकचा म्हणजे बुडालेल्या जहाजांचा कोर्स, स्कूटरचा छोटा कोर्स त्याच्यासोबतच उरकेल. तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे तिथे चौकशी करा. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ पाण्याखाली बसवायचा त्यांचाच प्रकल्प आहे, ते सुरू झालं की इजिप्तचा खर्च करायच्या आधी तिकडेच जा. पावसाळ्यात सगळं बंद असतं, दिवाळीनंतर बघा. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास तरी नको, कोकण रेल्वेने बडोद्याला येणार असाल तर ती पण कटकट नाही.