भ्रंशातली माती कुठून येते?

तुम्ही लिहिलंय की घाटरस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन्हीकडे घट्ट काळा दगड आहे, मधे हातभर चुरा, आणि चुऱ्याच्या पोटात बोटभर चिकणमातीसारखी पट्टी. ही माती वरून पाण्याबरोबर आत आली का, असा तुमचा प्रश्न.

तो खरंच भ्रंश असेल, म्हणजे दोन्हीकडचे खडक तिथे एकमेकांना घासून सरकले असतील, तर बहुतेक माती तिथेच तयार झालेली आहे. पुस्तकातल्या आकृतीत भ्रंश एका रेघेने दाखवतात, म्हणून तो एकच चीर असतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो पट्टा असतो. पृथ्वीच्या कवचाच्या वरच्या दहा-पंधरा किलोमीटरांत खडक थंड आणि ठिसूळ. ताण वाढला की आधी त्यात बारीक भेगा पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि मग सलग पृष्ठ तयार होतं. त्यावरून दोन्ही बाजू सरकताना उंचवटे अडकून मोडतात. तुकडे मधे सापडून फिरतात, घासतात, पुन्हा फुटतात. जात्यात दाणा भरडतो तसंच, फक्त इथे जात्याची तळीही झिजून पिठात जाते. तुकडे कोनदार असतील तर ब्रेशिया, पीठ झालं की गाऊज. पाणी मुरून या पिठातली खनिजं चिकणमातीत बदलतात. चिमूटभर ओली करून बोटांत चोळून बघा. मऊ मातीत दगडाची कचकच लागेल.

ही मातीच पुढचं बरंच ठरवते. भूभौतिकशास्त्रज्ञ बायर्लीने 1978 साली दाखवलं की बहुतेक खडकांचा घर्षणांक (सरकताना किती अडतं ते सांगणारा आकडा) 0.6 ते 0.85 असतो, खडक कुठलाही असो. चिकणखनिजं मात्र त्याला अपवाद, ती याहून खूप कमी घर्षणावर सरकतात. शिवाय गाऊज पाणी अडवतो आणि बाजूचा भेगाळ खडक ते वाहून नेतो. पट्टीच्या एकाच अंगाला पाझर दिसला तर नोंद करून ठेवा.

पाण्याचं महत्त्व आपल्याला कोयनेने शिकवलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा धरणात पाणी साठायला लागून पाचेक वर्षं झाली होती. भेगांत पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजूंना आवळून धरणारा दाब तेवढा कमी पडतो आणि आधीच ताणाखाली असलेला भ्रंश सुटतो. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या बेसाल्टखाली, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडाखाली, ग्रॅनाइट-नाइस हा जुना कठीण खडक आहे. त्यात तीन किलोमीटर खोल विंधन घेतलं, ते हेच जवळून पाहता यावं म्हणून. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्या दरडीकडे. आडवी विटकरी पट्टी असेल तर तो भ्रंश नव्हे. दोन लाव्हाप्रवाहांमधला तो लाल थर आहे, अनेकजण इथे फसतात. उभी पट्टी असली तरी नुसता दाट भेगांचा पट्टा असू शकतो, सह्याद्रीत असे पुष्कळ आहेत. म्हणून चुऱ्याच्या कडेचा गुळगुळीत, रेघा उमटलेला दगड शोधा. त्यावर कॅल्साइट या पांढरट खनिजाच्या बारीक पायऱ्या असतील तर रेघांच्या दिशेने तळहात फिरवा. ज्या दिशेने हात न अडता जातो, त्या दिशेने समोरचा, आता नसलेला भाग सरकला होता. आणि दोन्ही बाजूंना एखादा ओळखू येणारा थर किती वर-खाली झालाय ते मोजा. फोटोत मोजपट्टी किंवा हातोडा ठेवा, म्हणजे मापाचा अंदाज येईल. पावसाळ्यात मात्र त्या दरडीखाली उभं राहू नका, चुऱ्याचा पट्टा आधी सुटतो.