“धाकटा पहिल्यापासूनच असा!”

“मॅडम, माझा धाकटा फार धांदरट आहे. पहिल्यापासूनच. ताईचं तसं नाही. काय करू याचं?” अशी तक्रार घेऊन येणारे आईबाबा मला नेहमी भेटतात. त्यातल्याच एका घराची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा आठवीत, बहीण कॉलेजात. आईने पाढाच वाचला: डबा शाळेत विसरतो, सायकलची किल्ली हरवतो आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एकदा गणपतीत त्याच्या धक्क्याने समई पडली, सतरंजी जळाली. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. आपणच समई पाडली, असं त्यालाही वाटत होतं.

पुढच्या भेटीला ताई सोबत आली. समईचा विषय निघताच ती म्हणाली, “आई, समई माझ्या ओढणीने पडली होती गं. तूच मला आत नेऊन हाताला कैलासजीवन लावलंस.” आईला पटेना. तिने बाबांना फोन लावला. “ताईच होती. ओढणी टाकून द्यावी लागली ना तिची!” बाबा म्हणाले.

आई खोटं बोलत नव्हती. आठवण डोक्यात जशीच्या तशी साठून राहत नाही; दर वेळी आपण ती नव्याने जुळवतो आणि मधल्या गाळलेल्या जागा आपल्या समजुतीने भरतो. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी हे १९३२ मध्येच मांडलं होतं. या घरात गाळलेली जागा होती “कोणी पाडली?” आणि तिथे बसणारं नाव आधीच ठरलेलं होतं.

समोर घडणारी गोष्टही आपण अशीच पाहतो. १९८३ मध्ये अमेरिकेत जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चौथीतल्या एका मुलीची फिल्म दाखवली. काहींना ती सधन वस्तीतली दिसली, काहींना गरीब वस्तीतली. नंतर दोन्ही गटांतल्या काहींना तिची तोंडी परीक्षा दाखवली, अगदी तीच. तिची काही उत्तरं बरोबर होती, काही चुकलेली. पहिल्यांना ती इयत्तेच्या पुढची वाटली, दुसऱ्यांना मागची. ज्यांनी नुसती वस्ती पाहिली, परीक्षा पाहिली नाही, त्यांच्या अंदाजात मात्र फारसा फरक नव्हता. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. पूर्वग्रहाला पुरावा मिळाला की तो जास्त ठाम होतो. “मी माझ्या डोळ्यांनी बघते ना रोज!” असं आई म्हणते, तेव्हा मला हीच फिल्म आठवते.

मी आईला एक वही करायला सांगितली. दोन्ही मुलांबद्दल, त्याच दिवशी रात्री लिहायचं. विशेषण एकही नको. “पसारा केला” नाही, “दप्तर सोफ्यावर, बूट दारात” असं. वहीतल्या या दोन नोंदी:

“ताई पाण्याची बाटली क्लासला विसरली. राग नाही आला, दमली असेल वाटलं.”

“धाकट्याने न सांगता आजीच्या गोळ्या आणल्या. हे लिहायचं राहूनच जात होतं.”

दुसरी नोंद वाचताना आईचे डोळे भरून आले.

धांदरटपणा नेहमी नजरेचाच खेळ असतो, असं मात्र नाही. विसरणं, वस्तू हरवणं, लक्ष न टिकणं हे घरी आणि शाळेतही, लहानपणापासून सतत दिसत असेल, तर अवधानाची तपासणी करून घ्यावी. आपण शिक्का मारून मोकळे झालो की ती राहून जाते. या मुलाच्या वर्गशिक्षिकांना विचारलं. त्यांना तसं काही जाणवलं नव्हतं.

समईचा किस्सा मामा-मावश्यांसमोर हसत हसत कितीदा सांगून झाला होता. म्हणून दुरुस्तीही त्यांच्यासमोरच व्हावी, असा मी आग्रह धरला. भाऊबीजेला सगळे जमले तेव्हा आईने ती केली. डबा अजूनही अधूनमधून शाळेत राहतो. त्यासाठी दप्तराच्या चेनला चिठ्ठी बांधली आहे.